प्रश्न वाचकांचे : व्यवसायाची माहिती-प्रणाली आखण्यापूर्वी

संगणकीकरणाविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांमध्ये ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यावे’ हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला आहे. त्याचे एकच उत्तर देता येणार नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या कामावर अवलंबून असते. मात्र ते काम कसे तपासावे, कागदावर कसे मांडावे आणि त्यावरून प्रणालीची रचना कशी ठरवावी, याची एक पद्धत गेल्या सत्तर वर्षांत तयार झाली आहे, आणि तिच्याशी संबंधित अशी पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. दूध संस्थेच्या सचिवांच्या पत्राला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण त्यांनी आपल्या अडचणी तपशिलाने लिहिल्या आहेत आणि तपशील नसेल तर या विषयावर बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकते. ‘प्रणाली विश्लेषण आणि रचना’ हा विषय आम्हाला आहे. टप्प्यांची यादी पाठ होते. पण सिस्टिम ॲनालिस्ट दिवसभर नेमके काय करतो आणि त्याचे काम प्रोग्रामरपेक्षा वेगळे का मानतात, हे कळत नाही.
— विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : हे काम पहिल्यांदा कोणाला आणि का करावे लागले, ते पाहिले तर त्याचे स्वरूप लवकर ध्यानात येईल. कार्यालयीन कामासाठी नियमितपणे वापरलेला पहिला संगणक एखाद्या बँकेने किंवा विमा कंपनीने नव्हे, तर चहा आणि केक विकणाऱ्या जे. लायन्स अँड कंपनी या ब्रिटिश कंपनीने बांधून घेतला. ब्रिटनभर या कंपनीची चहाची दुकाने होती. प्रत्येक ग्राहकाचे बिल अगदी लहान असल्यामुळे त्या बिलामागे होणारा कारकुनी खर्च डोळ्यांत भरत असे, आणि म्हणून संगणक येण्याच्या कितीतरी आधी, १९३०च्या दशकातच, कार्यालयातील कामाच्या पद्धती तपासणारा एक स्वतंत्र विभाग कंपनीने चालवला होता. १९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेतील कार्यालयीन पद्धती पाहण्यास गेले, तेथे त्यांना नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांविषयी समजले, आणि परतल्यावर कंपनीने केंब्रिज विद्यापीठात चाललेल्या एडसॅक या संगणकाच्या बांधणीला ३,००० पौंडांची मदत दिली. त्याच धर्तीवर कंपनीने स्वतःचा ‘लिओ’ हा संगणक तयार केला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचे काम त्यावर सुरू झाले.

या यंत्राला कोणते काम द्यायचे आणि ते कोणत्या स्वरूपात द्यायचे, हे ठरवणाऱ्या गटाचे प्रमुख डेव्हिड कॅमिनर होते. त्यांना अनेक जण पहिला सिस्टिम ॲनालिस्ट मानतात. त्यांच्या गटाने हाती घेतलेल्या कामांपैकी दुकानांच्या रोजच्या मागणीचे काम विशेष अभ्यासण्यासारखे आहे. दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या मालाची मागणी प्रत्येक दुकान आदल्या दिवशी पाठवत असे. या सर्व याद्या जशाच्या तशा यंत्रात भरायच्या, हा सरळ मार्ग होता. तो न घेता प्रत्येक दुकानाची एक ठरलेली मागणी आधीच साठवून ठेवण्यात आली आणि दुकानाच्या व्यवस्थापिकेने फक्त त्यातील बदल दूरध्वनीवरून कळवायचा, अशी पद्धत घालण्यात आली; पलीकडची कर्मचारी तो बदल ऐकता ऐकता यंत्राला वाचता येणाऱ्या कार्डावर छिद्रांच्या रूपात नोंदवत असे. यंत्र तेच राहिले, पण त्यात भरायची माहिती कितीतरी कमी झाली. प्रोग्रामरला हा निर्णय सुचणे कठीण असते, कारण त्याच्यासमोर यादी येते, दुकान येत नाही.

तेव्हा ॲनालिस्टचा दिवस मुख्यतः विचारण्यात, शेजारी बसून पाहण्यात, वापरात असलेले कागद गोळा करण्यात आणि त्या कागदावरून पुढे कोण कोणता निर्णय घेतो हे शोधण्यात जातो. जे समजले ते लिहून काढून संबंधितांना वाचून दाखवणे आणि त्यांनी ‘असे नाही, असे’ म्हणेपर्यंत थांबणे, हाही त्याच कामाचा भाग आहे. काय करायचे आणि ते करण्यासारखे आहे का, हे तो ठरवतो, तर यंत्राकडून ते कसे करून घ्यायचे, हे प्रोग्रामर ठरवतो. लहान ठिकाणी दोन्ही कामे एकच व्यक्ती करते आणि त्यात गैर काही नाही. मात्र एकाच दिवशी दोन्ही केल्यास पहिले काम बहुधा अर्धवट राहते.

प्रश्न : आमची गावपातळीवरची दूध संस्था आहे. सुमारे तीनशे सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. लिटर, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन पदार्थ) यांची नोंद रजिस्टरमध्ये होते, दर दहा दिवसांनी बिल निघते आणि त्यातून पशुखाद्य, ॲडव्हान्स वगैरे कपात होते. एका विक्रेत्याने तयार सॉफ्टवेअर दाखवून आठ दिवसांत सर्व सुरू करून देतो, असे सांगितले. संचालक मंडळ अनुकूल आहे. मला मात्र धाकधूक वाटते, कारण आमच्याकडे बारीकसारीक भानगडी फार आहेत : कोणाचे दूध शेजारी आणून घालतो, वीज गेली की टेस्टिंग होत नाही, एका घरात दोन खाती असतात. सुरुवात कुठून करावी?
— सचिव, दूध संस्था, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपण ज्यांना भानगडी म्हणता, त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. सर्व काही सुरळीत असताना आलेल्या दुधाचा हिशेब कोणतेही सॉफ्टवेअर बरोबर करील, कारण तो गुणाकार-बेरजेपलीकडे जात नाही. प्रणाली टिकणार की दोन महिन्यांत रजिस्टर पुन्हा बाहेर निघणार, हे सुरळीत नसलेल्या प्रसंगांवर ठरते.

विक्रेत्याला पुन्हा बोलावण्यापूर्वी दहा दिवसांचे एक पूर्ण बिल सुरुवातीपासून शेवटपर्यंत नव्याने पाहा. आपण रोज तेथेच असता हे खरे, पण काम करणे आणि काम पाहणे या निराळ्या गोष्टी आहेत. शक्य असल्यास संस्थेत काम न करणाऱ्या एखाद्या शिकलेल्या तरुणाला सोबत बसवावे, कारण आपल्याला सवयीने न दिसणारे त्याला दिसेल. मोजमापाच्या वेळी, संस्था ज्याला दूध पुरवते त्या दूध संघाची पोचपावती येते तेव्हा, बिल काढण्याच्या रात्री आणि पैसे वाटपाच्या दिवशी त्याने हजर असावे. वापरात असलेल्या प्रत्येक कागदाची एक भरलेली प्रत जमा करावी. कोरा नमुना चालणार नाही, कारण समासात पेन्सिलीने लिहिलेले आकडे, लाल शाईच्या खुणा आणि कोपऱ्यातील ‘पाहणे’ असे शेरे भरलेल्या कागदावरच सापडतात. शिवाय जवळजवळ प्रत्येक कार्यालयात दप्तरी न नोंदलेली एक खासगी वही असते, तशी आपल्याकडेही असेल. कोणाला तोंडी कबूल केलेला ॲडव्हान्स, कोणाचे दूध दोनदा नासके निघाले, कोणाच्या बिलातून या वेळी कपात करायची नाही, हे सर्व तीत असते. अधिकृत पद्धतीत जे मावले नाही, ते त्या वहीत गेलेले असते. म्हणून माझ्या मते ती वही रजिस्टरपेक्षा आधी वाचावी.

मग प्रत्येक अडचणीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात : ती महिन्यातून साधारण किती वेळा येते, त्या वेळी निर्णय कोण घेते आणि त्या निर्णयाची नोंद कुठे राहते. वीज गेल्यावर सभासदाला आदल्या वेळेचा फॅट लावायचा की गेल्या काही वेळांची सरासरी, हा प्रश्न प्रोग्रामरने सोडवायचा नाही. तो संचालक मंडळाने ठरावाने सोडवायचा आहे आणि प्रणालीने फक्त तो आकडा मोजलेला नसून मानलेला आहे, अशी खूण ठेवायची आहे. शेजाऱ्याने आणलेल्या दुधाबाबत खातेदार कोण एवढेच कळले तरी बहुधा पुरते. आणणाऱ्याचे नाव नोंदवण्याची तरतूद तेव्हाच करावी, जेव्हा त्यावरून खरोखर तंटे होत असतील. एका घरातील दोन खात्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण एका खात्याची पशुखाद्याची बाकी दुसऱ्या खात्याच्या बिलातून वळती करता येईल का, हे आज कदाचित आपण त्या घराशी बोलून ठरवत असाल, आणि यंत्राला तसे बोलता येत नाही. तेथे प्रणालीने स्वतःहून काहीही वळते करू नये. बाकी दाखवावी आणि थांबावे.

यानंतर थोडे गणित करावे लागते. तीनशे सभासद, दिवसातून दोन वेळा, म्हणजे वर्षाला २,१९,००० नोंदी होतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटला तरी आजच्या साध्या संगणकालाही तो किरकोळ आहे, म्हणून ‘मोठा डेटाबेस’ या कारणासाठी कोणी महागडे यंत्र गळ्यात मारू लागल्यास ते घेऊ नये. महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. सकाळचे संकलन दीड तासात संपत असेल, तर एका सभासदाच्या वाट्याला १८ सेकंद येतात. या १८ सेकंदांत खाते क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ ही माहिती भरून पावती निघाली पाहिजे. पडद्यावर सहा चौकटी आणि चार बटणे असतील, तर रांग रस्त्यावर जाईल आणि तिसऱ्या दिवशी मोजणारा माणूस ‘आधी वहीत लिहू, मग भरू’ असे म्हणू लागेल. वजनकाटा आणि दूध तपासणीचे यंत्र थेट संगणकाला जोडण्याचा खरा फायदा येथे आहे : टंकलेखन वाचते आणि आकडा मध्ये कोणाच्या हातून जात नाही. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात घड्याळ लावून बसावे.

रचनेतील तीन गोष्टी मी आग्रहाने सांगेन. पहिली दरपत्रकाची. एका बाजूला फॅट, दुसऱ्या बाजूला एसएनएफ आणि चौकटीत दर, असे ते पत्रक असते आणि संघ ते वेळोवेळी बदलतो, कधी दहा दिवसांच्या मध्येच. जुन्या दराच्या जागी नवा दर लिहिण्याची सोय जर सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर मागच्या महिन्याचे बिल पुन्हा छापताना ते नव्या दराने निघेल आणि लेखापरीक्षणात त्याचे स्पष्टीकरण देता येणार नाही. प्रत्येक दरपत्रकाला ‘या तारखेपासून, या वेळेपासून लागू’ अशी नोंद हवी आणि जुने पत्रक कधीही पुसले जाऊ नये. दिवाळीला सभासदांना दिला जाणारा फरक वर्षभराच्या दुधावर काढायचा असल्याने त्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे. दुसरी गोष्ट आकडे पूर्ण करण्याची : यंत्राने ६.४५ फॅट दाखवला, तर पत्रकात ६.४ ची ओळ पाहायची की ६.५ ची? हाही मंडळाचा निर्णय आहे, आणि तो आज कोणीतरी रोज न विचारता घेत आहे. तिसरी गोष्ट एककाची. एक लिटर दुधाचे वजन साधारण १.०३ किलो भरते. आपण लिटरमध्ये घेता आणि संघ किलोमध्ये मोजत असेल, तर हजार लिटरमागे सुमारे तीस किलोंचा फरक केवळ एककामुळे दिसेल. म्हणून आकड्याशेजारी एकक नोंदलेले असले पाहिजे.

आता मूळ मुद्दा. बिल तर आजही हाताने निघतेच. मग प्रणाली कशासाठी? आपल्या मंडळाला असे विचारले, तर ‘वेळ वाचावा म्हणून’ हे उत्तर येईल, आणि ते अपुरे आहे. संस्थेने सभासदांकडून घेतलेले दूध व फॅट आणि संघाने मान्य केलेले दूध व फॅट यांतील तफावत रोजच्या रोज कळणे, हे रजिस्टरमधून होत नाही; दहा दिवसांनी कळते तेव्हा कारण शोधण्याची वेळ गेलेली असते. हा अहवाल मागून घ्यावा, मात्र तो कसा काढला हेही तपासावे. एकाने २ लिटर दूध ८.० फॅटचे आणि दुसऱ्याने ८ लिटर दूध ६.० फॅटचे घातले, तर साधी सरासरी ७.० येते, प्रत्यक्षात एकत्र दुधाचा फॅट ६.४ असतो, कारण सरासरी लिटरच्या प्रमाणात काढावी लागते. साधी सरासरी काढणारा अहवाल संघ आपल्याला रोज नाडतो आहे असे दाखवील, आणि त्यावरून निष्कारण भांडण होईल.

विक्रेत्याच्या ‘आठ दिवसां’विषयी : सॉफ्टवेअर बसवायला आठ दिवस पुष्कळ झाले. काम समजून घ्यायला निदान एक पूर्ण बिल पाहावे लागेल. खरेदीपूर्वी त्याला आपली मागची दोन बिले द्यावीत, त्यांपैकी एक मध्येच दर बदललेले असावे, आणि त्याच नोंदी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून प्रत्येक सभासदाची रक्कम पैशापर्यंत जुळते का, ते पाहावे. जेथे जुळणार नाही तेथे चूक कोणाची आहे हे शोधावे. अशा वेळी कधी कधी रजिस्टरचीच चूक निघते. करारात दोन कलमे असावीत : संस्थेची सर्व माहिती कोणत्याही दिवशी, दुसऱ्या कोणालाही वाचता येईल अशा स्वरूपात, विनाशुल्क काढून मिळेल, आणि झालेली नोंद कोणालाही पुसता येणार नाही, दुरुस्ती केल्यास ती कोणी व केव्हा केली याची वेगळी नोंद राहील. दुसरे कलम मंडळातील काहींना आवडणार नाही. तरीही ते सोडू नये.

प्रश्न : मी विद्युत साहित्याचा वितरक आहे. सल्लागाराने आमच्या व्यवसायाच्या पंचवीसेक आकृत्या काढून दिल्या आणि मंजुरीची सही मागितली. मला त्या कळत नाहीत. त्या समजून घेणे मालकाला आवश्यक आहे का?
— व्यापारी, नाशिक

उत्तर : न समजलेल्या कागदावर सही करू नये, हा नियम येथेही लागू आहे. मात्र पंचवीस आकृत्या समजून घेण्याची गरज नाही. दोन प्रकार समजले तरी पुरे. पहिल्या प्रकारात माहितीचा प्रवाह दाखवतात : ती कोणाकडून येते, तिच्यावर कोणती प्रक्रिया होते, कोठे साठते आणि कोणाकडे जाते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रूढ झाली, ती मुख्यतः व्यवसायातील माणसाला वाचता यावी म्हणूनच. ती वाचताना साध्या विसंगती शोधाव्यात. एखाद्या प्रक्रियेतून माहिती बाहेर पडते पण आत काहीच जात नाही, असे दिसले तर काहीतरी राहून गेले आहे. ‘पार्टीला सूट द्यावी’ अशी चौकट असेल आणि तिच्यात कोणताही बाण जात नसेल, तर ती सूट आज आपल्या जुन्या सेल्समनच्या डोक्यात आहे, असा त्याचा अर्थ. उलट एखाद्या साठ्यात माहिती सतत जाते पण तेथून कोणीही ती काढत नाही, असे असेल तर ती नोंद बंद करता येईल का, असे विचारावे.

दुसऱ्या प्रकारात ग्राहक, माल, बिल, पावती अशा गोष्टी आणि त्यांचे परस्परसंबंध असतात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले संबंधाधारित डेटाबेसचे (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत साठवण्याचे) तत्त्व आणि पीटर चेन यांनी १९७६ मध्ये सुचवलेली आकृती यांच्यावर ही मांडणी उभी आहे. तिचा व्यवहारातला गाभा असा की एक बाब एकाच ठिकाणी लिहावी. ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक पाच याद्यांत असेल, तर बदल झाल्यावर तो चार ठिकाणी चुकीचा राहतो.

मात्र या नियमाचा अतिरेकही होतो. ग्राहकाचा पत्ता बदलला म्हणून गेल्या वर्षीच्या बिलावरील पत्ता बदलता कामा नये, कारण ते बिल त्या दिवशीच्या व्यवहाराचा पुरावा आहे. कराच्या दराचेही तसेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे अनेक दर बदलले; त्यापूर्वी विकलेला माल नंतर परत आला, तर क्रेडिट नोट (ग्राहकाच्या येण्यातून ती रक्कम कमी केल्याचे पत्र) मूळ विक्रीच्या दरानेच काढावी लागते. ज्यांच्या प्रणालीत मालापुढे एकच दर होता आणि बिलावर वेगळा जपलेला नव्हता, त्यांना हे दर हाताने शोधत बसावे लागले असणार. सल्लागाराला हा एक प्रश्न विचारून पाहा : ‘मागच्या वर्षी विकलेली वस्तू आज परत आली, तर कोणत्या आकृतीत ती दिसेल?’ त्याने बोट ठेवून दाखवले, तर सही करायला हरकत नाही.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमच्याकडे दर दोन आठवड्यांनी काम पूर्ण करून दाखवतात आणि आधी लांबलचक विश्लेषण करणे कालबाह्य मानतात. मग हा विषय अजून का शिकवला जातो?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कालबाह्य झाले ते विश्लेषण नव्हे, सर्व विश्लेषण एकदाच, आरंभी आणि कायमचे उरकण्याची कल्पना कालबाह्य झाली, आणि खरे तर ती आरंभापासूनच संशयास्पद होती. गरजा, रचना, प्रोग्राम, चाचणी असे एकाखाली एक टप्पे दाखवणारी आकृती विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधातून प्रसिद्ध झाली. गंमत अशी की त्याच निबंधात त्यांनी या सरळ उतरंडीला जोखमीची आणि अपयशाला आमंत्रण देणारी म्हटले होते आणि नव्या प्रकारची प्रणाली असल्यास ती दोनदा बांधावी, असे सुचवले होते. पुढे आकृती सर्वत्र गेली; इशारा मागे राहिला. २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या १७ जणांनी जो अजाइल (म्हणजे लहान टप्प्यांत काम करून दाखवण्याच्या पद्धतीचा) जाहीरनामा काढला, त्यातही विस्तृत कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अधिक महत्त्व दिले आहे, पण कागदपत्रांना मूल्य आहे हेही त्यांनी तेथेच नमूद केले आहे. ते वाक्य फारसे कोणी उद्धृत करत नाही.

दोन आठवड्यांनी काम दाखवण्याची पद्धत उत्तम आहे, कारण माणसाला हवे काय ते बहुधा नको असलेले पाहिल्यावरच सांगता येते. परंतु ते पाहणारा माणूस कोण, हे विचारावे. तो व्यवस्थापक असेल आणि प्रत्यक्ष खिडकीवर बसणारी व्यक्ती नसेल, तर वीस बैठका होऊनही अडचणीचे प्रसंग पुढे येणार नाहीत. शिवाय काही निर्णय तुकड्यातुकड्याने बदलणे महाग पडते : ग्राहकाची ओळख कशावरून पटवायची, दर आणि नियम तारखेनुसार साठवायचे की नाही, नोंद पुसता येईल की नाही. एवढे तरी आधी बसून ठरवावे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत नवी प्रणाली येत आहे. जुने बंद करून एका दिवसात सर्व शाखांत नवे सुरू करावे, असा व्यवस्थापनाचा विचार आहे. दोन्ही समांतर चालवणे म्हणजे दुप्पट काम, असे त्यांचे म्हणणे. आपले मत काय?
— शाखाधिकारी, सातारा

उत्तर : दुप्पट काम होते हे खरे आहे आणि ते कर्मचाऱ्यांवर पडते, हे व्यवस्थापनाने मान्य करून त्या काळासाठी माणसे किंवा मोबदला द्यावा. तो खर्च टाळण्याचे मोल किती होऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचे आहे. २६ ऑक्टोबर १९९२ रोजी तेथे रुग्णवाहिका पाठवण्याची संगणकीय प्रणाली संपूर्ण शहरासाठी एकदम सुरू करण्यात आली. कोणती गाडी कोठे आहे याची माहिती जवळजवळ अचूक असेल, या गृहीतावर ती उभी होती. प्रत्यक्षात ती माहिती चुकू लागली, न जुळणाऱ्या नोंदींचे संदेश पडद्यावर साचत गेले, एकाच ठिकाणी दोन गाड्या आणि दुसरीकडे एकही नाही असे प्रसंग घडले, आणि नातेवाइकांचे पुन्हापुन्हा येणारे दूरध्वनी त्यात भर घालू लागले. दुसऱ्या दिवशी अंशतः जुन्या पद्धतीकडे परतावे लागले. ४ नोव्हेंबरला तर यंत्रणा पूर्ण बंद पडली. प्रोग्राममधील एका बदलानंतर सर्व्हरची स्मृती मोकळी होत नव्हती, एवढे किरकोळ कारण त्यामागे होते. १९९३ च्या चौकशी अहवालात अपुरे प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांचा अविश्वास आणि सर्व काही एकाच टप्प्यात सुरू करण्याचा निर्णय यांवर बोट ठेवले आहे.

आपल्याकडील रेल्वे आरक्षणाने उलट मार्ग घेतला. १९८५ मध्ये नवी दिल्लीत पथदर्शी स्वरूपात सुरुवात झाली, नंतर मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथे केंद्रे उभी राहिली, आणि ही पाचही केंद्रे एकमेकांशी जोडून कोठूनही कोठलेही तिकीट देण्याची सोय १९९९ पर्यंत पूर्ण झाली. यास वेळ लागला. तोपर्यंत परतीचे तिकीट दुसऱ्या शहरातून काढण्याची गैरसोय लोकांनी सोसली. पण रांगेतले काम सर्वत्र एकदम ठप्प होण्याचा धोका त्यामुळे टळला.

पतसंस्थेसाठी माझी सूचना अशी : आधी एकच शाखा घ्यावी, आणि ती सर्वांत लहान नसावी, मध्यम असावी, कारण लहान शाखेत ठेवीवरील कर्ज, मुदतीपूर्वी मोडलेली ठेव, मयत खातेदाराचे वारस असे प्रसंग महिनोन्महिने येत नाहीत. त्या शाखेत एक पूर्ण महिना आणि शक्य असल्यास तिमाही व्याजआकारणी येईपर्यंत दोन्ही पद्धती चालवाव्यात. रोज संध्याकाळी फक्त एकूण रोख जुळली म्हणून समाधान मानू नये; प्रत्येक प्रकारच्या ठेवीची व कर्जाची एकूण बाकी, आणि यादृच्छिकपणे निवडलेली काही खाती पैशापर्यंत ताडून पाहावीत. व्याज मोजताना वर्ष ३६५ दिवसांचे धरले की महिन्यांवर काढले, येथे बहुतेक तफावती सापडतील. समांतर काळ कोणत्या निकषावर संपेल, हे आरंभीच लिहून ठेवावे, उदाहरणार्थ सलग पंधरा दिवस न समजलेली एकही तफावत नसणे. अन्यथा कंटाळा आला की तो संपतो. जुन्या प्रणालीतून शिल्लक रकमा आणताना निष्क्रिय खाती, चुकीचे पत्ते आणि दोनदा नोंदलेले सभासद यांची साफसफाई बदलाच्या आधी जुन्या प्रणालीतच करून घ्यावी, कारण बदलानंतर निघालेली प्रत्येक चूक नव्या प्रणालीच्या नावावर जमा होते.